चांदणी भोपळ्याचा अंतरपाट

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. आत्याने एकदा सांगितलेली गोष्ट आहे, ती लिहितो.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात कोंडाजी नावाचा माणूस राहत असे. त्याच्या परसात चांदणी भोपळा होई. गडद हिरव्या अंगावर पांढरे ठिपके. जणू चांदण्यांचं आभाळच मांडवाला लटकलं आहे. असा भोपळा पंचक्रोशीत दुसरीकडे उरला नव्हता. येणारे-जाणारे कुंपणाशी थांबून बघत आणि कोंडाजी मनात सुखावे.

शेजारची साळूवहिनी दर साली म्हणे, "भावजी, दोन बिया द्या की."

"यंदा बीच धरलं नाही, वहिनी," असं म्हणून कोंडाजी आत जाई. बिया मात्र आढ्याला टांगलेल्या मडक्यात, राखेत जपून ठेवलेल्या असत.

एका पावसाळ्यात छप्पर गळलं. मडक्यात पाणी गेलं. सगळ्या बिया कुजल्या, एकच रुजली. कोंडाजी धास्तावला. हा वेल गेला की चांदणी भोपळा कायमचा गेला! कुणाची दृष्ट लागू नये, कुणाचा हात पोचू नये, म्हणून त्याने मांडवाला चहूबाजूंनी विरळ विणीची धोतरं बांधली.

वेल फोफावला. दिवेलागणीला पांढरी फुलं उमलत. फुलामागे बोटाएवढा भोपळा दिसे, पण तो पिवळा पडून गळून जाई. कोंडाजीने शेणखत घातलं, लिंबू-मिरची बांधली. काही केल्या फळ धरेना.

एका संध्याकाळी साळूवहिनी कुंपणापलीकडून हसली. "भावजी, वेलाचं लगीन काढलंय वाटतं! अंतरपाट धरलाय तो?"

"थट्टा नको, वहिनी. फळ टिकत नाही. बीज बुडणार आता."

साळूवहिनीचं हसू मावळलं. "कसं टिकेल? वऱ्हाड बाहेरच ताटकळलंय."

तिने आपल्या मांडवाकडे बोट केलं. पडवळाची झालरीची फुलं उमलली होती. राखी रंगाचे पतंग या फुलावरून त्या फुलावर, जसे झोपेत फिरावे तसे फिरत होते. काही कोंडाजीच्या धोतरांवर धडकून माघारी जात होते.

कोंडाजी बराच वेळ गाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने गाठ सोडली. एकेक धोतर खाली आलं. पतंग आत शिरले. संधिप्रकाशात फुलं आणि पंख वेगळे ओळखू येईनात. कोंडाजीला वाटलं, आभाळच खाली उतरून वेलाच्या कानात काही सांगतं आहे.

त्या साली एकच भोपळा धरला. कोंडाजीने तो खाल्ला नाही, वेलावरच वाळू दिला. हलवला की आत बिया खुळखुळत. त्याने ओंजळभर बिया आपण होऊन साळूवहिनीच्या पदरात घातल्या.

पुढच्या पावसाळ्यात कोंडाजीचा वेल मर रोग लागून वाळला. पण साळूवहिनीच्या मांडवावर चांदण्या लखलखत होत्या.

"भावजी," ती कुंपणावरून म्हणाली, "दोन बिया देऊ का?"

तात्पर्य: मुठीत झाकून ठेवलेलं बी एक दिवस आपल्यालाही उरत नाही, शेजारच्या अंगणात रुजलेलं बीच आपली राखण करतं.

आत्याने ही गोष्ट सांगितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या जांभळ्या वालाच्या बियांची पुडी बांधली, आणि कुंपणापाशी जाऊन शेजाऱ्यांना हाक मारली.