कुरिसाका घाटातला वळसा

एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, क्योतोला जाणारा जुना रस्ता आमच्या कुरिसाका घाटातून जातो. चढ संपला की डाव्या हाताला हे चहाचे दुकान लागते. पण इथे थेट शिरायचे नाही. पाय कितीही गळून गेलेले असोत, दुकान ओलांडून पुढच्या वळणापर्यंत जायचे, माघारी फिरायचे आणि मगच येऊन बसायचे. परगावचे लोक चिडतात, पण जातात.

असे सांगतात की, फार पूर्वी हे दुकान ओताकी नावाची विधवा चालवत असे. किन्साई नावाच्या चित्रकाराने तिच्या दुकानाचे चित्र काढले आणि छापायला मोहेईकडे दिले. मोहेई लाकडावर चित्रे कोरणारा. कोरताना चित्राचा कागद लाकडावर पालथा चिकटवायचा असतो, तरच छाप सुलटा उठतो. पण एवढे देखणे चित्र तोंडावर कसे पाडायचे, असे मोहेईला वाटले म्हणे. त्याने ते उताणे चिकटवले. छापात सारे उलटे झाले! दरी डावीकडे, दुकान उजवीकडे.

चित्र घरोघरी गेले. हातात चित्र घेतलेले प्रवासी ओताकीच्या दारात थांबत, पाहत आणि म्हणत, "हे नकली. चित्रातलं उजव्या हाताला आहे." घसा कोरडा पडलेला असूनही ते पुढे निघून जात. चूल थंड पडू लागली. हिवाळ्याआधी दुकान मोडून भावाच्या दारी जायची पाळी ओताकीवर आली.

मग एक जण, अस्सल दुकान शोधून थकलेला, कुरकुरत माघारी आला. दुकान आता त्याच्या उजव्या हाताला होते. "हे बघा, सापडलं!" तो ओरडला. त्या बाजूने चित्रातला दुकानामागचा डोंगर दिसतच नाही, पण तहानलेला माणूस डोंगर कशाला शोधतो? ओताकी काय ते समजली. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येकाला वळणापर्यंत पिटाळू लागली. दुकानात बसायला जागा पुरेना.

एकदा घामाघूम झालेला एक पाहुणा सरळ येऊन बसला.

"आधी वळणापर्यंत जाऊन या. चित्र तिकडूनच काढलंय," ओताकी म्हणाली.

"काहीतरीच काय बाई! मी किन्साई. चित्र मीच काढलंय, इथूनच. त्या मोहेईनं..."

सगळ्यांचे पेले तोंडाशीच थांबले. ओताकीने चहा ओतता ओतता किटली खाली ठेवली. किन्साईने ती किटली पाहिली, भरलेले दुकान पाहिले. मग निमूटपणे काठी उचलून तो वळणापर्यंत गेला, माघारी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाईंचंच खरं. मी तिकडेच बसलो होतो. वय झालं, विसरलो."

ओताकीने तोंड फिरवून डोळे पुसले म्हणतात.

किन्साईची चित्रे परदेशातही गेली असतील, त्यांतले आम्हाला काही कळत नाही. आमच्या मनात त्याला मान आहे तो त्या चार पावलांसाठी. आजही या दुकानात वळसा घातल्याशिवाय कुणाला चहा मिळत नाही. तेव्हा उठा पाहुणेमंडळी. चित्रकार जाऊन आला, तुम्हाला काय झाले?