आधी जातं, मग भिंत

आमच्या वाडीत घर बांधताना आधी जमिनीत जातं रोवतात आणि मग त्याच्याभोवती भिंती उभ्या करतात. पीठ आता गिरणीतून येतं, तरी ही रीत चुकत नाही. तुम्हाला कुणी पाठवलं हे मी दोनदा विचारलं, त्याचा राग मानू नका. इथल्या जागेची चौकशी करणाऱ्याला आम्ही लगेच चहा विचारत नाही.

फार पूर्वी, असे सांगतात, गावोगावहून हाकललेली ख्रिस्ती माणसं या उतारावर आली. इनामदाराने ही दगडधोंड्यांची जागा त्यांना राहायला दिली. त्यांचे उपदेशक याकोब मास्तर म्हणाले, देवाने वचनच दिलंय, तो आपल्या लोकांना त्यांच्या जागी रोपासारखं लावील, मग कुणी हलवणार नाही. लोकांनी झोपड्या घातल्या, जाती रोवली. एकटी म्हातारी भिवराबाई तयार होईना. असले शब्द तिने प्रत्येक गावात ऐकले होते. सुनेचे दिवस भरत आले, तरी हिचं जातं बाभळीखाली बोचक्यातच.

तोवर लोकांनी दगड वेचले, जमीन पेरण्याजोगी झाली आणि इनामदाराची नजर फिरली. त्याचे गडी काठ्या घेऊन आले. लोकांनी मुकाट्याने जाती उपटली. मास्तरांनीही बोचकं बांधलं. नेमक्या तेव्हाच सुनेला कळा सुरू झाल्या, तिला पाऊल टाकवेना. भिवराबाईने खड्डा खणला, आपलं जातं त्यात रोवलं आणि दळायला बसली. आता विश्वास बसला का, असं मास्तरांनी विचारलं.

"इस्वास न्हाई बसला, मास्तर," ती म्हणाली. "पर देवाचा शबुद खरा का खोटा, हे पळून गेल्यावर कसं कळंल?"

जात्यात दाणा नसताना पीठ पडत होतं म्हणे. मला ते पटत नाही. गड्यांनी जोर लावला तरी जातं हललं नाही, एवढं मी मानतो, कारण म्हातारी त्याला मिठी मारून बसली असणार. ते पाहून एकेकाने बोचकं सोडलं, जाती पुन्हा रोवली. एवढी माणसं हलेनात, तेव्हा गडी परत गेले. नातू बाभळीखालीच जन्मला.

आजही नवं जातं रोवताना वडीलधारे घरच्या बाईला विचारतात, विश्वास बसला का. तिने "अजून न्हाई" म्हणत माती दाबायची. माझ्या आईचा तर मरेपर्यंत बसला नाही. तिला इथेच पुरलं.