वाऱ्याच्या तोंडाला बिरू

“टीमनं शर्यत मारली म्हणं. कुठली टीम रं, सुकुमार? कोण हुतं टीममधी? नाव घे की एकाचं तरी.”

सुकुमार मगदूम तिथं नव्हताच. तो आपल्या द्राक्षबागंत हुता, दोन कोसावर. पण बिरू बंडगर त्येच्याशीच भांडत हुसेन वस्तादाच्या अंगणात शिरला, सायकल भिंतीला टेकवली न्हाई, आदळली, आन् कमरंवर हात ठेवून उभा ऱ्हायला.

वस्ताद सासष्ट वर्साचा. तरणेपणी पाच तालुक्यात त्येच्या म्होरं कुणी सायकल काढत नव्हतं. आता गावातल्या पाच गड्यांची टीम तयार करायचा. त्या वक्ताला तो एका चाकाचं औट, म्हंजी वाकडेपणा, काढत बसला हुता. चाक फिरवायचा, डोळा बारीक करायचा, तार आवळायचा. त्येनं मान वर केली न्हाई.

मग बिरूनं सगळं वकलं. हंगामातली पहिली शर्यत, आरळगावच्या उरसातली, काल झाली. बेचाळीस किलोमीटरची. फाट्यावरनं वळलं की पवनचक्क्यांचा माळ लागतो, आन् ह्या दिवसांत तिथं वारं असं येतं की उभा माणूस मागं सरकावा. त्या वाऱ्याच्या तोंडाला बिरू. बाकीचे चौघं त्येच्या पाठीमागं एका ओळीत, मुंड्या खाली घालून, त्येच्या आडोशानं. जो पुढं त्येचा जीव जातो, जो मागं त्येला निम्मी सुद्धा ताकद लागत न्हाई, हे शेंबडं पोरगं बी सांगंल. आन् वेस तीनशे पावलांवर दिसाय लागल्यावर सुकुमार मागनं ताजातवाना निघाला आन् शर्यत मारून गेला. बिरू नववा.

सुकुमारला खांद्यावर घेतलं लोकांनी. माईकवर काय बोलला, तर टीमनं मारली. बिरू तिथंच खाली धुळीत बसला हुता, त्येला कुणी पाणी पायजे का म्हणून इचारलं न्हाई.

“त्येच्या गळ्यात हार, आन् माझ्या तोंडाला फेस,” बिरू म्हणाला. “आता तुमीच सांगा, वस्ताद. त्येनं चावडीवर चार माणसांत माझं नाव घ्यायचं. न्हाईतर म्या चाललो. तालुक्याच्या टीमचा सकाळीच फोन आलाय. येत्या रविवारी त्येंच्याकडनं पळणार.”

वस्तादानं तार आवळली.

“म्होरं ऱ्हाऊन किती वडलंस?”

“सव्वीस किलोमीटर.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं.”

चाक बाजूला ठेवून वस्ताद उठला. आतनं आपली जुनी सायकल काढली, धोतर आवळलं, आन् चल म्हणाला.

बिरूला वाटलं, म्हातारा सुकुमारच्या बागंकडं निघाला त्येचा कान धरायला. पण वस्ताद वळला माळाकडं.

वर चढल्यावर वारं अंगावर आलं. कान बंद. तिथं बोललेलं ऐकू येत न्हाई म्हणून वस्तादानं टीमला पहिल्या दिवशीच एक खूण शिकवली हुती. पुढच्यानं दोन-तीन मिनिटं वारं फोडायचं, मग उजवं कोपर हलवायचं आन् बाजूला होऊन शेपटाला जायचं. मागच्यानं पुढं यायचं. अशी पाळी फिरत ऱ्हायची.

आधी वस्ताद पुढं. गुडघं कुरकुरत हुतं तरी लयीत मारत हुता. बिरू मागं, डोकं अजून तापलेलं. दोन मिनिटांनी म्हाताऱ्याचं कोपर हललं, तो बाजूला झाला, आन् बिरू पुढं आला.

आन् मग बिरूनं दावलंच. सव्वीस किलोमीटर वडणारा गडी कसा असतो त्ये बघा म्हणावं. एक पवनचक्की मागं पडली, दुसरी पडली, चौथी पडली. मांड्या पेटल्या. तोंड कोरडं ठाक. छातीत भाता. तरी दात आवळून, मान खाली घालून मारत ऱ्हायला, कारण मागं वस्ताद हुता आन् त्येच्या अंगाला वारं लागू द्यायचं नव्हतं.

सातव्या पवनचक्कीपाशी त्येनं मागं बघितलं.

रस्ता मोकळा.

त्येनं शिवी हासडली, सायकल वळवली. वारं पाठीवर घेऊन सुसाट आला तर दुसऱ्या पवनचक्कीच्या कुंपणापाशी वस्ताद मांडी घालून बसलेला. बोराटीची बोरं काढून खात हुता. सायकल आडवी पडलेली.

बिरूच्या अंगाचा तिळपापड झाला. जीव जाईस्तवर तुमच्यासाठी वारं खातोय आन् तुमी हितं बोरं खाताय, ही काय रीत झाली, असं त्येनं त्वांडावर इचारलं. वस्ताद म्हणून बी गय केली न्हाई.

वस्तादानं बोराची बी थुकली.

“वाट बघितली. माझी पाळी येईना. उतरलो.”

“तुमाला तरास नको म्हणून—”

“म्या मागितलं हुतं? काल सुकुमार पाळी घ्यायला तुझ्या बाजूला आलता?”

बिरूनं हँडल घट्ट धरलं. ही गोष्ट त्येनं अंगणात सांगितली नव्हती. घरी सांगितली नव्हती. बायकूला सुद्धा.

“आलता,” तो म्हणाला.

“कितींदा?”

“दोनदा… तिसऱ्यांदा आपल्या टीमचा बाळू गुरव आलता.”

“मग?”

“मग काय. म्या जोर लावला. पडले मागं.”

वर पवनचक्कीचं पातं घुमत हुतं. वस्तादानं आनखी एक बोर पुसलं, बिरूच्या म्होरं धरलं. बिरूनं घेतलं न्हाई.

“त्ये काय बी असू द्या,” बिरू तडकला. “नाव घ्यायला त्येच्या जिभंला काय झालं हुतं? सव्वीस किलोमीटर, वस्ताद. खोटं हाय का त्ये?”

“खरं हाय. नाव घ्यायला पायजे हुतं. त्येची खोड म्या मोडीन.”

“आन् मी?”

वस्ताद उठला. धोतराची माती झाडली. आडवी पडलेली सायकल उभी केली आन् बिरूकडं पयल्यांदा नीट बघितलं. घामानं भिजलेला शर्ट, थरथरणाऱ्या मांड्या, आन् दम लागल्याचं दिसू नये म्हणून मिटून धरलेलं त्वांड.

“आत्ताच्या आत्ता सुकुमारच्या बागंत जा. चौघांना बोलीव,” वस्ताद म्हणाला. “आन् तुझ्या तोंडानं सांग त्येस्नी, ‘माळावर मला दम लागतो.’”