पातळ बनियन आणि लाल जाकीट

कपडे आपसांत बोलायचे, त्या काळची ही गोष्ट. साताऱ्याची केतकी हिमालयात स्कीइंग शिकायला निघाली होती. तिची बॅग भरली जात असताना कपाटातलं पातळ लोकरी बनियन धास्तावलं होतं. आपल्याला नेतील ना?

"तू कशाला?" जाडजूड लाल जाकीट म्हणालं. "बर्फात जायचंय, अंगणात नाही!"

"ह्याच्यातून तर पलीकडचं दिसतं," स्वेटरने री ओढली.

शेवटी केतकीने बनियन तळाशी कोंबलं आणि बॅगेवर बसून चेन ओढली.

पहिल्या दिवशी तिने सवयीने आत सुती टी-शर्ट घातला. चढण चढताना ती घामाघूम झाली. टी-शर्ट भिजला तो वाळेचना. वारा सुटताच तिला हुडहुडी भरली.

"अरे, तुझी चेन लाव!" स्वेटर ओरडला.

"गळ्यापर्यंत लावलीय रे!" जाकीट रडवेलं झालं.

दुसऱ्या दिवशीही टी-शर्ट ओलाच होता, म्हणून केतकीने बनियन घातलं. घाम आला की ते म्हणायचं, "स्वेटरदादा, घ्या." स्वेटर म्हणायचा, "जाकीटराव, घ्या." जाकीट तो वाऱ्याला देऊन टाकायचं. ऊब मात्र तिघांनी आतच धरून ठेवली. केतकी सात वेळा पडली, आठव्यांदा सुसाट खाली आली आणि आनंदाने किंचाळली.

मग फोटोची वेळ आली. जाकिटाने आपली चेन हळूच दोन बोटं खाली घेतली.

"ये की जरा वर," ते बनियनला म्हणालं. "तूही दिसू दे."