दौलू नाईकाचं पागोटं

फार फार वर्षांपूर्वी, धुकं गडावरच मुक्कामाला असायचं, तेव्हाची ही गोष्ट. आभाळगड राजाचा, पण कारभार दोन घराण्यांचा, रणसुऱ्यांचा आणि धाररावांचा. एकट्याने कुणी फितूर होऊ नये म्हणून राजाने महादरवाजाला दोन कुलपं घातली आणि एकेका घराण्याला एकेक किल्ली दिली. रोज सकाळी दोन्ही सरदार येऊन कुलपं काढायचे आणि म्हातारा दौलू नाईक दरवाजा ढकलायचा.

एके दिवशी रणसुऱ्यांना शिंक आली. अपशकुन नको म्हणून ते क्षणभर थांबले, तेवढ्यात धाररावांनी किल्ली लावली.

“काढा ती! पहिला मान आमचा!” रणसुरे कडाडले.

“मग शिंकायला आम्ही सांगितलं होतं?” धारराव म्हणाले.

झालं! दोघे किल्ल्या कमरेला खोचून आपापल्या वाड्यात जाऊन बसले.

दाराबाहेर दौलूची लेक सगुणा उभी होती. पहिलटकरीण, दिवस भरलेले, माहेरच्या ओढीने गड चढून आलेली. तिन्ही अंगांना कडा, दुसरी वाट नाही, आणि पुन्हा गड उतरायचं तिच्यात त्राण नाही. दौलूने दोन्ही वाड्यांचे उंबरे झिजवले. उत्तर एकच, “आधी त्यांना माघार घ्यायला सांग.”

म्हातारा दाराशी परतला. त्याने डोईचं पागोटं सोडलं, टाक्यात भिजवलं आणि दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवलं.

“पिळून पी, माझे बाय. मी हितंच हाय.”

असं म्हणतात, पागोटं वीस हातांचं होतं, पण दौलू तीन दिवस ते सरकवत राहिला आणि ते सरलं नाही. धुकंच त्यात विणलं जात होतं म्हणे.

तिसऱ्या दिवशी दाराबाहेर बाळ रडलं. असं म्हणतात, त्या आवाजाने टाक्यांमधलं पाणी शहारलं आणि घराघरांतले रिकामे पाळणे आपसूक हलले. दोन्ही सरदार अनवाणी धावत आले. आधी कुणाची किल्ली फिरली, ते त्यांनाही कळलं नाही.

बाळ पागोट्यात गुंडाळलेलं होतं. दौलूने त्याला डोळे भरून पाहिलं आणि बोडक्या डोक्याने तो उंबऱ्यावर टेकला. धुकं विरलं तेव्हा तिथे नुसता उंबरा होता. तो भर चैत्रातही ओला असतो.

अजून गडाच्या जत्रेला महादरवाजा लावून घेतात. दाराखालून ओलं पागोटं बाहेर देतात, त्याचं टोक गावातल्या सर्वांत धाकट्या बाळाच्या अंगावर घालतात. दोन्ही घराण्यांचे वंशज आत किल्ल्या घेऊन उभे असतात. बाळ रडलं की कुलपं काढायची. आणि बाळ झोपलेलं असलं, तर सरदारांनी उन्हात ताटकळायचं. त्याला उठवायचं नाही.