भेकरीने आणलेलं झुडूप

डोंगर अजून कुणाच्या नावावर झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका भेकरीच्या पाडसाची जखम चिघळली होती आणि ती नुसत्या येरझाऱ्या घालत होती.

म्हातारा गवा म्हणाला, "कड्याखालच्या कपारीत निळसर पानांचं एकच झुडूप आहे. पान चावून जखमेवर लाव. पण बाई, रीत सांभाळ. आधी झुडपापाशी बसायचं. धाप ओसरली की एकच पान तोडायचं."

"इकडे लेकरू तापलंय, आणि मी बसू?" म्हणत भेकरी धावत सुटली. झुडूप दिसताच तिच्या मनात आलं, उद्या कुणी खाऊन टाकलं तर? तिने ते मुळासकट उपटून आणलं.

एका पानात पाडसाची जखम भरली. बाकीच्या पानांचा चार दिवसांत चुरा झाला.

पंधरवड्याने गवा लंगडत आला. वाघाचा पंजा त्याच्या मांडीत खोल रुतला होता. "कपारीत नुसता खड्डा आहे गं," एवढंच तो म्हणाला. भेकरीने चुरा पुढे केला, पण त्यात रस उरला नव्हता.

त्या जखमेने गवा गेला. आता भेकरी रोज त्या खड्ड्यापाशी जाऊन बसते. धाप केव्हाच ओसरते. पान तेवढं नसतं.