आवडी घडशिणीचा सूर

खाडीवर पूल नव्हता आणि आडशेत गावात घड्याळ नव्हतं, वेळ भरती-ओहोटीवर कळायची, त्या काळातली ही गोष्ट. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते सोमजाई देवीपासून सुरुवात करतील. पण ही गोष्ट देवीची नाही, आवडी घडशिणीची आहे.

घडशी म्हणजे वाजंत्री, आणि आवडीच्या घरचाच बाजा होता. नवरा येसू सनई वाजवायचा, मुलगा दाजी ढोल, मुलगी कृष्णी टिमकी, आणि येसूचा भाऊ सूर धरायचा. सूर म्हणजे सनईसारखंच वाद्य, पण त्यातून एकच स्वर निघतो, आणि सनई गात असेपर्यंत तो तुटू द्यायचा नसतो. गालातला वारा बाहेर सोडायचा आणि त्याच वेळी नाकानं नवा आत घ्यायचा. सूर धरणाऱ्याकडं कुणी बघत नाही. तुटला तरच बघतात.

एका लगीनसराईत तो भाऊ तापानं गेला. चार दिवसांवर लग्न येऊन ठेपलेलं आणि सूर धरायला माणूस नाही. आवडीनं वाद्य उचललं आणि तोंडाला लावलं. तिला शिकवलं होतं चुलीनं. ओली लाकडं, हातात फुंकणी, आणि फुंकर थांबली की सगळा धूर डोळ्यांत. पंधरा वर्षं तिनं फुंकर थांबू दिली नव्हती.

तिथून त्या बाजाचं नाव झालं. असं म्हणतात, बंदरावर नवं गलबत पाण्यात लोटायला साठ माणसं लागली तरी ते हललं नाही, आणि या चौघांनी वाजवायला घेतल्यावर ते आपणहून पाण्यात उतरलं. असं म्हणतात, एका लग्नात नवरा-नवरी नाचत नाचत मांडवाबाहेर गेली आणि भटजी अक्षता घेऊन त्यांच्यामागं दोन वाड्या फिरला. आवडीचा बाजा मोकळा नसेल तर लोक लग्नच पुढं ढकलायचे.

आणि हेच म्हाताऱ्यांना खुपलं.

शिमग्यात सोमजाईची पालखी ओहोटीला खाडीतून चालत पलीकडच्या गावी बहिणीला भेटायला जाते आणि दुसऱ्या सकाळच्या ओहोटीला परत येते. पालखीपुढं वाजवायचा मान घडशांच्या घराचा, तीन पिढ्यांचा. त्या वर्षी बैठकीत गावचा मुख्य मानकरी धाकू गावकार म्हणाला, "बाईमाणसाचं उष्टं वाद्य देवीपुढं नको."

आवडी मागं उभी होती. ती म्हणाली, "गावकारांनू, माजा घोव काय नाकानं वाजवतो?"

पोरं हसली. म्हाताऱ्यांनी त्याच बैठकीत मान काढून घेतला. शहरातून दहा ढोलांचा बाजा बोलावला. येसू तिथंच होता. सनईत त्याला तोड नव्हती, पण त्या दिवशी तो खाली बघत उभा राहिला, हेही सांगायला हवं.

पालखी नव्या बाजासह गेली. दुसऱ्या सकाळी परत निघाली, खाडीच्या मधोमध आली, आणि धुकं उतरलं. असं धुकं की खांदेकऱ्याला पुढच्या खांदेकऱ्याची पाठ दिसेना. चिखलात वाट एकच, दोन्ही बाजूंना माणूस गिळणारा गाळ, आणि भरतीची वेळ जवळ आलेली. काठावरचं माणूस दिशा दाखवू शकत नव्हतं. खाडीतल्या लोकांनी हाका मारल्या, शहरवाल्यांनी दहाही ढोल बडवले. पण दोन्हीकडं डोंगर. ढोलाचा आवाज डोंगरावर आपटून चारी दिशांनी परत यायचा. आवडीनं दारात उभं राहून ऐकलं. ढोल समुद्राकडं चालले होते.

ती सूर घेऊन निघाली तशी येसू म्हणाला, "कशाला जातीस? जाऊंदे मसणात. मान काडून घेतला तवा कोन आलं व्हतं?"

"ते मेले तर मान मागू कुनाकडं?" आवडी म्हणाली, आणि खाडीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

तिनं सूर लावला. डोंगरावरून परत येऊन फसवायला ठोका नाही, ताल नाही. एकच स्वर, मध्ये कुठं तुटत नाही, म्हणून तो कुठून येतो ते कळतं. असं म्हणतात, तो स्वर धुक्यातून दोरीसारखा ताणला गेला आणि लोक तो हातानं धरून चालले. असं म्हणतात, तिच्या ओठांतून रक्त आलं आणि पायरीवर पडलं, तरी स्वर हलला नाही. म्हातारे म्हणतात, देवीनं भरती थांबवली. भरती बिरती काही थांबली नाही. शेवटचे लोक कमरेएवढ्या पाण्यातून आले. पण भरती थांबली म्हटलं की एका बाईनं आपल्याला वाचवलं, हे म्हणावं लागत नाही.

सगळे वर आले. सगळ्यांत शेवटी धाकू गावकार, चिखलानं माखलेला. शहरवाल्यांचे ढोल गाळात गेलेले. आणि वाजंत्र्याशिवाय पालखी देवळाकडं हलत नाही. लोक ओल्या धोतरांत उभे. आवडीनं सूर खाली घेतला आणि पायरीवर बसली.

"आवडे, वाजव पुढं," धाकू पुटपुटला.

"ऐकू नाय आलं."

"वाजव म्हनतोय."

"कोन वाजवू?"

"तू. तुजा बाजा."

"अजून नाय आलं. धुकं हाय ना, आवाज पोचत नाय."

मग धाकू गावकारानं सगळ्या गावासमोर छाती फुटेस्तोवर ओरडून सांगितलं, की सोमजाईपुढं आवडी घडशीण वाजवील, तिच्या तोंडानं वाजवील, आणि तिच्यामागं तिची लेक वाजवील. डोंगरांनी ते चारी दिशांना सांगितलं. तोवर घरचेही पायरीवर आले होते. दाजीनं ढोल बांधला, कृष्णीनं टिमकी, येसूनं सनई काढली, आणि ते असे वाजवत निघाले की खांदेकऱ्यांच्या खांद्यांवर पालखी टेकेचना, असं म्हणतात.

त्यानंतर चाळीस शिमगे तिनं सूर धरला. पुढं गावानं तिला देवी म्हणायला सुरुवात केली. देवी म्हटलं की माफी मागायची राहते, म्हणून. कृष्णीनं ते चालू दिलं नाही. आवडीची मूर्ती नाही, देऊळ नाही.

आता खाडीवर पूल आहे, पण पालखी आजही चिखलातून येते. ती येते तेव्हा ढोल बंद, भोंगे बंद. पायरीवर गावातली एक बाई उभी राहून सूर धरते, शेवटचा माणूस वर येईपर्यंत. तो शेवटचा माणूस त्या वर्षीचा गावकार असतो. मग ती सूर खाली घेते आणि पायरीवर बसते. गावकारानं सगळ्यांसमोर म्हणायचं, "बाय, वाजव पुढं." तिनं म्हणायचं, ऐकू नाय आलं. किती वेळा म्हणायचं, ते तिच्यावर आहे. गेल्या वर्षी सात वेळा झालं, आणि सातव्याला गावकाराचा आवाज पलीकडच्या गावात ऐकू गेला.